सांगली-साताऱ्यातनं घर हलवताय? पॅकर्स-मूव्हर्सबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

आत्तापर्यंत चार वेळा घर हलवलंय मी. दोनदा सांगलीतल्या सांगलीत, एकदा सांगली ते सातारा आणि एकदा साताऱ्याहून पुण्याला. त्यातलं एक शिफ्टिंग असं फसलं की तेव्हापासून ओळखीत कुणीही घर बदलायचं काढलं की मलाच फोन येतो, आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. एकाच गोष्टीची दोन ठिकाणी उत्तरं नकोत म्हणून मध्येमध्ये "अमका प्रश्न बघा" असं लिहिलंय, तिथं जाऊन बघा.

१. पॅकर्स-मूव्हर्स लागतातच का? आमच्या गल्लीत टेम्पोवाला आहे की.

विश्रामबागेतनं मिरजेला किंवा गोडोलीतनं शाहूपुरीला जायचं असेल तर गल्लीतला टेम्पोवालाच बरा. छोटा हत्ती, दोन फेऱ्या, ओळखीची चार पोरं, दुपारी सगळ्यांना जेवण, झालं. तो उद्या पण त्याच चौकात उभा असणार आहे, त्यामुळं काही मोडलं तर तोंड लपवून जाणार कुठं?

पॅकर्सवाले लागतात ते लांब जायचं असेल तर, किंवा तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल, किंवा घरात आवरायला माणसं नसतील तर. नवरा-बायको दोघं नोकरीला आणि मुलाच्या परीक्षा चालू, अशा घरात पॅकिंग स्वतः करतो म्हणणारे रात्री दोन वाजता रडकुंडीला आलेले मी बघितलेत.

२. चांगला माणूस शोधायचा कुठं? नेटवर तर शंभर नावं येतात.

नेटवरच्या डिरेक्टरीत एकदा नंबर टाकला की पाच मिनिटात दहा फोन येतात, सगळे "सर बेस्ट रेट देतो" म्हणतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांकडं स्वतःची गाडी पण नसते (प्रश्न ६ बघा). स्टार आणि रिव्ह्यू बघा पण एकाच आठवड्यात पडलेले, नुसतं "नाइस सर्व्हिस" लिहिलेले वीस रिव्ह्यू दिसले तर सोडून द्या. वाईट रिव्ह्यू आधी वाचा. मोडतोड सगळ्यांकडं होते, पण "फोन उचलला नाही" आणि "जादा पैसे मागितले" हे दोन शब्द परत परत दिसले तर तिथं जायचं नाही.

माझा खात्रीचा उपाय म्हणजे बदलीवाले लोक. बँकेतले, पोलीस लाइनीतले, वीज कंपनीतले, कॉलेजवरचे प्राध्यापक. ही माणसं दर दोन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलवतात आणि त्यांच्याकडं मूव्हर्सचे नंबर असतात. मात्र "चांगला होता का?" असं विचारू नका, सगळे "हो, बरा होता" म्हणतात. विचारायचं असं, की ठरलेले पैसे आणि शेवटी दिलेले पैसे सारखेच होते का? आणि इथं सामान चढवणारी माणसं तिकडं उतरवायला होती का? या दोन उत्तरातच सगळं कळतं.

३. त्यानं फोनवरच रेट सांगितला, घरी यायला नको म्हणतोय. चालेल का?

नाही. या अख्ख्या पानावरचं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, की जो घरी येऊन सामान बघत नाही त्याला काम द्यायचं नाही.

फोनवर आपण काय सांगतो? "टू बीएचके आहे, नेहमीचंच सामान आहे." मग गाडी येते आणि माळ्यावरनं निघतात तांब्या-पितळेचे हंडे, धान्याच्या दोन कोठ्या, घरघंटी, आजीचा पाटा-वरवंटा, गच्चीवर पंधरा कुंड्या आणि पलंगात कोंबलेल्या सहा गाद्या. गाडी पुरत नाही. तिथनं भांडण चालू, आणि त्याची तरी काय चूक म्हणा.

चांगला माणूस घरी येतो, कपाटं उघडून बघतो, पलंग सुटा होतो का विचारतो, जिना मोजतो, गल्लीत आयशर वळेल का ते बाहेर जाऊन बघतो. साताऱ्यात राजवाड्याच्या मागच्या बोळात किंवा सांगलीत गावभागात हे फार महत्त्वाचं, कारण मोठी गाडी आत जात नाही आणि मग छोट्या टेम्पोत भरून चौकापर्यंत न्यायचं, तिथं परत मोठ्या गाडीत भरायचं, हा डबल हमालीचा खर्च आधी बोलला नसेल तर शेवटी आपल्याच बोकांडी बसतो. तुम्ही आत्ताच दुसऱ्या गावी असाल तर व्हिडिओ कॉलवर दाखवा, पण माळा, गच्ची, पार्किंग, संडासाच्या वरचा कप्पा पण दाखवा.

४. कोटेशनमध्ये नेमकं काय काय लिहून घ्यायचं?

व्हॉट्सॲपवर "२२००० फायनल" एवढा मेसेज म्हणजे कोटेशन नव्हे. गाडी किती फुटी, पूर्ण आपली की शेअर, पत्ते आणि दोन्हीकडचे मजले, सामानाची यादी, पॅकिंगला काय वापरणार (बबल, पुठ्ठा, खोके की नुसत्या जुन्या चादरी), पलंग-कपाट सोडणं आणि परत जोडणं, चढवणं आणि उतरवणं दोन्ही, टोल, जीएसटी, निघायची आणि पोचायची तारीख हे सगळं त्यात पाहिजे. टोलचं मुद्दाम सांगतो. पुण्याकडं जाताना सांगलीवाल्यांना तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर लागतात आणि साताऱ्यातनं निघालं तरी शेवटचे दोन लागतातच, आणि "टोल पार्टीचा" हे वाक्य बऱ्याचदा खेड शिवापूर मागं पडल्यावरच आठवतं.

आणि "उतरवणं". रेटमध्ये नुसतं लोडिंग धरलेलं असतं आणि तिकडं ड्रायव्हर म्हणतो माझं काम गाडी चालवायचं. माझं जे शिफ्टिंग फसलं ते इथंच. रात्री साडेनऊला पुण्यात तिसऱ्या मजल्याखाली मी, ड्रायव्हर आणि एक गोदरेज कपाट.

५. जीएसटी नंबर कसा तपासायचा? आणि नंबर नसेल तर फ्रॉड समजायचं का?

नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७, कर्नाटकाचा २९. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर "सर्च टॅक्सपेअर" मध्ये तो टाकला की लॉगिन न करता नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे का रद्द झालीय हे दिसतं. कार्डावर "१९९५ पासून आपल्या सेवेत" आणि नोंदणी गेल्या वर्षीची, असं निघालं तर थोडं थांबा. लगेच चोर ठरवायचं नाही, धंद्याचं नाव बदललेलं असू शकतं, पण विचारा. कार्डावरचं नाव एक आणि पोर्टलवरचं भलतंच असेल तर मात्र नको. मोठ्या कंपन्यांच्या नावात एक अक्षर इकडं-तिकडं करून दुकान मांडलेले खूप आहेत.

नंबर नसला म्हणजे फ्रॉडच असं नाही. वर्षाला २० लाखाच्या आत सेवेचा धंदा असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही, त्यामुळं दोन टेम्पो असलेला प्रामाणिक माणूस विना-जीएसटी असू शकतो. फक्त नंबर नाही आणि बिलात जीएसटी लावलाय, हे चालणार नाही. पॅकिंग, हमाली, वाहतूक सगळं मिळून दिलेल्या सेवेवर १८ टक्के लावतात, तेव्हा सांगितलेला रेट जीएसटी धरून आहे की वरनं, हे आधीच विचारा, २० हजारावर ३६०० चा फरक पडतो.

६. समोरचा ब्रोकर आहे का खरा गाडीवाला, कसं ओळखायचं?

गोडाऊन बघायला येतो म्हणा. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत, सातारा एमआयडीसीत, हायवेला, कुठंतरी त्याची जागा असणारच. "ऑफिस पुण्यात आहे सर, इथं फक्त माणसं आहेत" म्हणाला तर बहुतेक ब्रोकर. दुसरी खूण, निघायच्या आदल्या दिवशी गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाइल मागा. ब्रोकर रात्री उशिरापर्यंत देत नाही, कारण तो अजून गाडीच शोधत असतो.

ब्रोकर वाईटच असतो असं काही नाही, काही चांगले पण आहेत. पण मध्ये तिसरा माणूस आला की नुकसानीला जबाबदार कोण यावर तिघं एकमेकांकडं बोट दाखवतात. म्हणून पावती ज्याच्या नावाची, पैसे त्याच्याच खात्यात. पावती एका नावाची आणि पेमेंटचा क्यूआर कुणा भलत्याच माणसाचा असेल तर पैसे टाकू नका.

७. ॲडव्हान्स किती द्यायचा?

थोडा, गाडी अडवून ठेवण्यापुरता. मी दहा टक्क्याच्या वर देत नाही. उरलेल्या पैशातले निम्मे सामान भरल्यावर आणि निम्मे उतरवून, पलंग जोडून झाल्यावर. "आधी सगळे टाका, डिस्काउंट देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार.

८. शेअर गाडी स्वस्त पडते म्हणे, घ्यावी का?

सामान कमी असेल, म्हणजे एकटा माणूस, गादी, फ्रिज, वॉशिंग मशीन, चार खोकी, आणि पोचायला चार-सहा दिवस लागले तरी चालत असेल तर घ्या. पण मध्ये गोडाऊनला सामान उतरतं, दुसऱ्या गाडीत चढतं, तेवढी आदळआपट वाढते, आणि तुमची कढई दुसऱ्याच्या घरी जाते. प्रत्येक खोक्यावर मार्करनं नाव, आकडा आणि "एकूण किती पैकी" लिहा, ३१ पैकी ७ असं. पुणे किंवा कोल्हापूरला जायचं असेल तर माझ्या मते अख्खी गाडीच करा, सकाळी भरली की संध्याकाळी घरात.

९. इन्शुरन्सचे वेगळे पैसे मागतायत. द्यायचे का?

आधी विचारा की ते खरंच इन्शुरन्स आहे का. बऱ्याच कोटेशनमध्ये सामानाच्या किमतीवर दोन-तीन टक्के लावलेले असतात आणि पुढं "एफओव्ही" लिहिलेलं असतं. तो वाहतूकदारानं स्वतः घेतलेल्या जोखमीचा आकार असतो, विमा कंपनीची पॉलिसी नसते. खरा विमा असेल तर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर असलेला कागद तुमच्या हातात पडला पाहिजे, तो पण गाडी हलायच्या आधी. तो कागद नसेल तर पैसे देऊनही नुसता त्याच्या शब्दावर भरवसा.

आता भाड्याच्या पावतीची, म्हणजे एलआरची गंमत. रस्त्यानं मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आहे, त्यात वाहतूकदाराची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहा पटीपर्यंत मर्यादित धरलीय, आणि तुम्ही जाहीर केलेल्या किमतीच्या वर ती जात नाही. म्हणजे १५ हजार भाडं असेल तर दीड लाखापर्यंत, पण टक्के वाचवायला तुम्ही पावतीवर "सामानाची किंमत ३० हजार" लिहिली असेल तर तीसच. जास्तीची किंमत जाहीर करून जादा आकार देता येतो. म्हणून ती रकान्यातली किंमत ड्रायव्हरला मनानं भरू देऊ नका.

आणि एलआरवर बारीक अक्षरात "ओनर्स रिस्क", म्हणजे जोखीम सामानाच्या मालकाची, असं छापलेलं असतं, ते सही करायच्या आधी वाचा. स्वतः पॅक केलेल्या खोक्यातली मोडतोड बहुतेक ठिकाणी धरत नाहीत, त्यामुळं काचेचं सामान त्यांनाच पॅक करू द्या.

१०. किती मोठी गाडी लागेल?

वन आरके किंवा एकटा माणूस, छोटा हत्ती. वन बीएचके असेल तर पिकअप, दाबून भरलं तर. टू बीएचकेला १४ फुटी आयशर आणि भरलेलं जुनं घर असेल तर १७ फुटी. गावाकडच्या घराचं सामान नेहमी अंदाजापेक्षा जास्त निघतं. गाडी बंद बॉडीची मागा, ताडपत्रीची नको, विशेषतः पावसाळ्यात.

११. कधी शिफ्ट केलं तर स्वस्त पडतं?

महिन्याच्या १० ते २० तारखेत, आठवड्याच्या मधल्या वारी. एप्रिल-मे-जून म्हणजे शाळा आणि बदल्यांचा सीझन, तेव्हा रेट चढतात. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा या दिवशी तर गाडी मिळणंच मुश्कील. पितृपक्षात आणि अमावास्येला कुणी हलत नाही म्हणून गाड्या मोकळ्या असतात, तुम्ही मानत नसाल तर घासाघीस करायला हाच वेळ. घरात वडीलधारे मानत असतील तर देव आणि दुधाचं पातेलं मुहूर्तावर आधी नेऊन ठेवायचं आणि सामान नंतर सावकाश, हा आमच्याकडं झालेला तह.

आपल्याकडच्या दोन-तीन गोष्टी पण धरा. आषाढात माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी जाते, त्या दिवसात तिकडनं गाडी काढू नका. ऊसतोडीच्या सीझनला रात्री बिनदिव्याच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात म्हणून पहाटे निघा. सुट्ट्यांच्या शनिवार-रविवारी खंबाटकी घाट जाम असतो. आणि पुण्यात मोठ्या गाड्यांना दिवसा ठरावीक वेळेत बंदी असते, सोसायट्यांच्या पण शिफ्टिंगच्या वेळा ठरलेल्या असतात, तिथल्या वॉचमनला आधी फोन करा.

१२. गाडीत काय द्यायचं नाही?

सोनं, रोकड, सात-बारा आणि बाकी कागदपत्रं, औषधं, लॅपटॉप, देवघरातले देव. हे आपल्याबरोबर.

गॅसची भरलेली टाकी गाडीत घालायची नाही. दुसऱ्या गावी जात असाल तर एजन्सीत टाकी आणि रेग्युलेटर जमा करा, डिपॉझिट परत मिळतं आणि टर्मिनेशन व्हाउचर मिळतं, ते तिकडच्या एजन्सीत दाखवून कनेक्शन घ्यायचं. हे चार दिवस आधी करा आणि शेवटच्या दिवसाचं जेवण इंडक्शनवर.

लोणच्याच्या बरण्या आणि तेलाचा डबा पण देऊ नका. आमची कैरीची बरणी गादीवर सांडली होती, गादी टाकली तरी नव्या घरात महिनाभर मोहरीचा वास.

१३. फ्रिज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर यांचं काय करायचं?

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पुसून कोरडा करा, उभाच न्यायचा, पोचल्यावर चार-पाच तास तरी चालू करायचा नाही. पुढनं दार असलेल्या वॉशिंग मशीनला मागं ट्रान्झिट बोल्ट लावायला लागतात, मशीन घेताना आलेले ते बोल्ट कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये असतील, आजच शोधा. इन्व्हर्टरची बॅटरी उभी ठेवायची, आडवी झाली की ॲसिड सांडतं. एसी काढायला मूव्हर्सचा माणूस नको, एसीवालाच बोलवा, तो गॅस आत ओढून घेऊन काढतो.

१४. बाइक पण पाठवायची आहे. आरटीओचं काही लागतं का?

आरसी, विमा आणि पीयूसीच्या झेरॉक्स द्या, टाकीतलं पेट्रोल काढा, चारी बाजूनं फोटो काढा, किलोमीटरचा आकडा पण. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एमएच-१० किंवा एमएच-११ ची गाडी तशीच चालते, फक्त पत्ता बदलून घ्या. बेंगळुरूला वगैरे जाऊन १२ महिन्यांच्या वर राहणार असाल तर तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि त्याला इथल्या आरटीओची एनओसी लागते, ती निघायच्या आधी काढा, नाहीतर नंतर त्यासाठी परत हेलपाटा.

१५. रस्त्यात अडवलं तर? ई-वे बिल लागतं का?

वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. सामानाची यादी, "स्वतःचं वापरलेलं घरगुती सामान" असं लिहिलेला सहीचा कागद आणि ओळखपत्राची झेरॉक्स ड्रायव्हरकडं द्या. नवाकोरा टीव्ही खोक्यात असेल तर त्याचं बिल पण.

१६. तिकडं सोसायटीखाली लोक उभे राहतात आणि "आमचीच माणसं उतरवणार, पैसे द्या" म्हणतात. द्यावे लागतात का?

मोठ्या शहरांच्या कडेला हे होतं, वाराई म्हणून मागतात. खरा माथाडी कामगार नोंदणीकृत असतो आणि घाम गाळून पैसे घेतो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण स्वतःचं घरगुती सामान आपण आपल्या माणसांकडनं उतरवून घेऊ शकतो, काम न करता पैसे द्यायची जबरदस्ती कुणी करू शकत नाही. आवाज न चढवता व्हिडिओ चालू करा आणि ११२ लावा. सोसायटीच्या सेक्रेटरीला आधीच खाली बोलावून घेतलं तर बऱ्याचदा तिथंच मिटतं.

१७. सामान पोचलंय पण गाडीवाला ठरल्यापेक्षा जादा मागतोय, नाहीतर उतरवणार नाही म्हणतोय. काय करू?

आधी बघा की मागणी खरी आहे का. यादीत नसलेलं सामान तुम्ही चढवलं असेल किंवा मजला चुकीचा सांगितला असेल तर बसून मिटवा. तसं नसेल तर कोटेशन आणि एलआर काढा (म्हणूनच प्रश्न ४), ठरलेले पैसे द्यायला तयार आहे असा मेसेज लेखी पाठवा, आणि पोलिसांना बोलवा. "हा तुमचा आपसातला व्यवहार आहे" असं ऐकायला मिळू शकतं, तेव्हा कागद दाखवून शांतपणे सांगा की ताब्यात दिलेला माल वाहतूकदारानं बळकावला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये त्याची वेगळी तरतूद आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेची. ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि गाडीचा नंबर तुमच्याकडं असलाच पाहिजे, तो नसेल तर पुढं काही होत नाही.

१८. दोन दिवसांनी खोकं उघडलं तर मिक्सर फुटलेला. आता सही करून बसलोय, काही होईल का?

होईल, पण अवघड होतं. उतरवताना एलआरवर नुसती सही न करता "खोकी न उघडता ताब्यात घेतली" असं लिहायची सवय लावा. आता फोटो काढा, खोक्याचे पण, आणि लगेच ईमेल किंवा स्पीड पोस्टानं लेखी कळवा. दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेलेली पाहिजे, नुसत्या फोनवरच्या "बघतो साहेब" मध्ये हे दिवस निघून जातात.

त्यानंतर ग्राहक आयोग. सांगली आणि सातारा दोन्हीकडं जिल्हा आयोग आहे, कंपनी मुंबईची असली तरी तुम्ही राहता तिथं तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. सेवेला मोजलेली रक्कम ५ लाखापर्यंत असेल तर फी नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरनं घरबसल्या करता येते. मिक्सरसाठी कुणी एवढं करत नाही हे मलाही माहितीय, पण नोटिशीत "ग्राहक आयोग" हा शब्द आला की बरेच जण निम्मे पैसे लगेच देतात.

१९. पावसाळ्यात पाणी चढायला लागलंय, तळमजल्यावर राहतो, एका दिवसात सामान हलवायचंय. तेव्हा हे सगळं बघत बसायचं का?

नाही. २००५, २०१९ आणि २०२१ बघितलेल्या सांगलीकराला हे सांगायला नको. सांगलीवाडी, शामरावनगर, कोल्हापूर रोड या भागात आयर्विन पुलाजवळची पातळी वाढायला लागली की टेम्पोवाले दुप्पट मागतात आणि तरी मिळत नाहीत. तेव्हा कोटेशन वगैरे विसरा, ओळखीचा कुठलाही टेम्पो-ट्रॅक्टर घ्या. आधी माणसं, जनावरं आणि कागदपत्रं, मग फ्रिज-टीव्ही वरच्या मजल्यावर, धान्य, आणि लाकडी फर्निचर सगळ्यात शेवटी. तेवढ्या घाईतही गाडीच्या नंबरप्लेटचा एक फोटो काढा. आणि जूनमध्येच एका टेम्पोवाल्याशी बोलून ठेवा, "पाणी आलं तर तू यायचंस" म्हणून, हातावर थोडे पैसे ठेवून. आमच्या शेजारच्या काकांनी २०२१ ला तसं केलं होतं, गल्लीत सगळ्यात आधी त्यांचा फ्रिज बाहेर पडला.